पोषण आहाराचा तास



ज्यांच्या स्मृतीला व्याख्यानमालेचं आजचं पुष्प वाहिलेलं आहे, ते गुरुजी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत राहिले. म्हणून विषय निवडताना मी प्राथमिक शाळेचं फाटक ओलांडलं नाही. लहान मुलांना काय खावं, किती खावं, कशाबरोबर खावं हे शाळेत शिकवता येतं का, आणि येत असेल तर कुठल्या तासाला, एवढाच आजचा प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हा तास वेळापत्रकात पूर्वीपासून आहे. शाळेच्या व्हरांड्यात पातेल्यावरचं झाकण निघतं आणि पोरं ताटल्या घेऊन धावतात, तोच हा तास. आपण त्याला मोठी सुट्टी म्हणतो. मावशी वाढतात, गुरुजी किंवा बाई नोंदी करतात, मुलं जेवतात, नळावर ताटल्या विसळतात, घंटा होते. मग त्याच दुपारी परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलं जातं आणि फळ्यावर येतं : कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे. अर्ध्या तासापूर्वी हे सगळं त्या मुलाच्या ताटात होतं. तिथे कुणी बोट ठेवून दाखवलं नाही. आता ते पाठ करायचं आहे, चाचणीत लिहायचं आहे आणि विसरायचं आहे.

प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम मी बरीच वर्षं केलं. नाशिक जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांत गेले. संतुलित आहाराचा धडा चांगला शिकवणारे शिक्षक मला भेटले, पोषण आहार जिव्हाळ्याने चालवणारेही भेटले. पण या दोन गोष्टी एकाच शाळेत, एकाच इमारतीत, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतात. त्यांची तोंडं एकमेकींकडे वळवावीत, एवढीच माझी मागणी आहे.

थोडा इतिहास पाहू. केंद्राची पोषण आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. आपल्याकडे सुरुवातीच्या वर्षांत 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तो तांदूळ पिशवीत जायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या भांड्यात शिजायचा. त्यात गैर काही नव्हतं, उपाशी घरात तांदूळ गेला तर सगळ्यांनीच खायचा असतो. पण 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिजवलेलं गरम जेवण शाळेतच द्या. त्यानंतर हळूहळू शाळाशाळांत चूल पेटली. 2021 मध्ये योजनेचं नाव बदललं, ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना झाली. गावात अजूनही सगळे ‘पोषण आहार’ किंवा नुसतं ‘खिचडी’ म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो 2001 चा आदेश. जेवण शाळेत शिजू लागलं त्या दिवशी ते शिक्षकाच्या नजरेखाली आलं, म्हणजेच शिक्षणाच्या कक्षेत आलं. याची जाणीव आपल्या शिक्षण व्यवस्थेला अजून पुरती झालेली नाही.

आता ताटात काय असतं ते नेमकं पाहू, कारण नेमकेपणातच धडा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळच्या जेवणातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. त्यासाठी दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल ठरवलेलं आहे. हे आकडे मुख्याध्यापकांना पाठ असतात, तालुक्याला पाठवायच्या तक्त्यात ते रोज लागतात. चौथीच्या मुलाला मात्र ते कुणी सांगत नाही. खरं तर हे त्याचेच आकडे आहेत.

समजा शाळेत आज 60 मुलं हजर आहेत. तांदूळ किती लागेल? सहा किलो. डाळ? एक किलो दोनशे ग्रॅम. भाजी तीन किलो, तेल तीनशे ग्रॅम. हा गुणाकार चौथीच्या वर्गाने फळ्यावर करावा आणि मग दोघा-तिघांनी स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन, मावशींच्या शेजारी उभं राहून, ताजव्यात तोलून पाहावा. तीन किलो भाजी म्हणजे केवढा ढीग होतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल 50 ग्रॅम म्हणजे काय ते विसरत नाही. एके दिवशी ढीग कमी दिसला तर ते विचारील, ‘बाई, आज भाजी कमी आहे का?’ या प्रश्नाने कुणी दुखावून जाऊ नये. ज्या दिवशी मूल हा प्रश्न विचारतं त्या दिवशी संतुलित आहार त्याला कळलेला असतो.

पुढचं गणित पैशाचं. तांदूळ सरकारकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे असा दर 1 मे 2025 पासून आहे, त्याआधी तो 6 रुपये 19 पैसे होता. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव काय निघाला, लासलगावला कांदा कितीला गेला, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना घरात रोज ऐकू येतं. भाव पडला की घरात जेवताना कुणी बोलत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. त्या पोरांना पावणेसात रुपयांत काय बसतं याचा हिशेब घालून बघा. ती तुम्हाला सांगतील की पालक कुठल्या महिन्यात स्वस्त असतो आणि शेवग्याचं झाड शाळेच्या कुंपणाला लावलं तर शेंगा फुकट मिळतात. परसबागेची योजना कागदावर कितीही चांगली असली, तरी ती अशा हिशेबातून उगवली तरच टिकते. नाही तर पाहुणे येऊन गेल्यावर वाळून जाते.

मग ताट समोर आलं की ‘का’ सुरू होतं. भाताबरोबर डाळ का? तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मिथिओनिन कमी असतं, ते तांदूळ पुरवतो. दोन्ही एका ताटात आली की दोघांचंही उणं भरून निघतं. लहान मुलांना लायसिन हे नाव सांगायची गरज नाही, जोडी सांगितली की पुरे. मटकीला मोड आणून उसळ का करतात? मोड आले की त्यात क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह शोषलं जाण्यात आड येणारा अंश कमी होतो. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगाला जास्त लागतं, जेवणाला लागून चहा घेतला तर कमी लागतं. गाजर, भोपळा तेलात परतला तर त्यातलं अ जीवनसत्त्व देणारं द्रव्य शरीर नीट घेतं. आपल्या आज्यांनी यातलं बरंच हाताने केलं, कारण न सांगता. शाळेने फक्त कारण जोडून द्यायचं आहे.

ही माहिती किती तातडीची आहे, ते दोन सर्वेक्षणांवरून दिसतं. 2016 ते 2018 या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी 22 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 23 टक्के कृश आढळली. त्याच वयोगटातली 4 टक्के मुलं जादा वजनाची होती. आपल्या महाराष्ट्राचं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी आहेत. हीच मुलं पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

आता मी जिथे सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे त्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे भिंतीवरचा तक्ता. शाळाशाळांत आहाराचा एक रंगीत तक्ता लावलेला असतो. त्यावर सफरचंद असतं, पावाचे काप असतात, लोण्याची वडी असते, कधी ब्रोकोलीसुद्धा असते. हा तक्ता मी सुरगाणा तालुक्यातल्या शाळेत पाहिला आहे. त्याच्याखाली बसलेल्या मुलांच्या घरी सकाळी नागलीची भाकर झालेली होती, उडदाची डाळ होती, खुरासणीची चटणी होती. पावसाळ्यात त्यांच्या ताटात करटोली येतात, कुर्डू येतो, टाकळा येतो, अंबाडी येते. तक्त्यावर यातलं एकही नाही. तक्ता त्या मुलांना काय शिकवतो? चांगलं अन्न दुकानात असतं, आपल्या घरी नसतं, हे शिकवतो. दुसरं काहीही नाही.

नागलीचं, म्हणजे नाचणीचं घ्या. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे एकशे वीस. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातला कोकणा, महादेव कोळी, वारली माणूस डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या जे पिकवत आला, ते हे धान्य. तरीही भाकर काळी म्हणून डब्यात लपवून खाणारी मुलं मी पाहिली आहेत. आश्रमशाळेतून सुट्टीला घरी गेलेल्या पोराला नागली नको, भात हवा, असं सांगणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. 2023 हे साल जगाने भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. नाशिक शहरात नागलीची बिस्किटं आली, नागलीचा डोसा आला, त्याचं मला कौतुक आहे. पण सुरगाण्याच्या मुलाला शाळेत नागलीचा मान मिळाला का, हे मी आधी पाहीन.

2024 ची गोष्ट. राज्याने पोषण आहारात पंधरा पाककृती ठरवल्या. मसालेभात, मूगडाळ खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण-भात यांच्या जोडीला नाचणीचं सत्त्वही त्या यादीत आलं. मला मनापासून आनंद झाला होता. सत्त्व करताना नागली भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, दळतात. हे काम शाळेत तिसरीची मुलं करू शकतात, फडक्यात बांधलेल्या नागलीला कोंब आले का ते रोज सकाळी पाहू शकतात, आणि ज्या मुलीच्या आजीला हे येतं तिच्या आजीला शाळेत बोलावता येतं. आजी शाळेत येऊन शिकवते आहे हे पाहणाऱ्या त्या मुलीच्या मनात आपल्या घराविषयी काय उभं राहील, याचा विचार करा.

पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात. पोरंही बरोबर येतात. छाटणीपासून काढणीपर्यंत आईबाप बागेत असतात आणि मुलांचं जेवण सकाळचा चहा, बटर आणि संध्याकाळचा भात यांवर येऊन ठेपतं. घरची नागली गावी राहिलेली असते, रानभाजीचं रान मागे राहिलेलं असतं. अशा मुलाला जवळच्या शाळेत बसवलं, तर खिचडी हेच त्याचं दिवसातलं एकमेव धड जेवण ठरतं. संतुलित आहार शिकवताना हे मूल वर्गात आहे हे धरून बोलावं लागतं. ‘रोज दूध प्या, फळं खा’ हे वाक्य त्याच्यासाठी शिक्षण नाही, ते त्याच्या आईवर ठेवलेलं बोट आहे. त्याला विचारा, बागेत काय काय खायला मिळतं? बांधावर कोणती भाजी उगवते? हरभऱ्याचे घाटे, शेंगा, बोरं, पेरू यांतलं काय मिळतं? तिथून सुरुवात होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे केलं, त्याचा गाभा हाच होता. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलासाठी ती कुरणात न्यायची. अंगणवाडी, कुरणशाळा हे त्यातूनच आलं. खेळणी सुद्धा शंख, शिंपले, बिया, पानं अशी आसपासची घ्यायची. आपल्या आहारशिक्षणाला अजून ते अंगण सापडलेलं नाही, ते दुकानातच घुटमळतं आहे.

नाशिक शहरात गोष्ट वेगळी आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या शाळांत भुकेचा प्रश्न फारसा नाही, तिथे पाकिटाचा प्रश्न आहे. आता तर पाकीट पेठलाही पोहोचलं आहे, पाच रुपयांत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. पन्नास मीटर किती होतात ते मुलांनी टेपने मोजून पाहावं, हाही एक धडा आहे. पण पाकिटाविषयी मुलांना घाबरवू नका. पाकीट वर्गात आणा, मागची बाजू वाचायला लावा. शीतपेयाच्या बाटलीवर शंभर मिलिलीटरला किती ग्रॅम साखर ते लिहिलेलं असतं. त्यावरून अख्ख्या बाटलीचा हिशेब पाचवीचं मूल करू शकतं. पाव लिटरच्या बाटलीत साधारण पाच चमचे निघतात. ते पाच चमचे वाटीत काढून टेबलावर ठेवा. पुढे भाषण करायची गरज पडत नाही.

भाजी न खाणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे पालक मला सगळ्यात जास्त विचारतात. लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या खाण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. नवा पदार्थ मुलाला आवडायला तो आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, थोडा थोडा चाखावा लागतो. आणि ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ असं म्हटलं की भाजी आणखी नावडती होते. आपण तिसऱ्या वेळेला ‘याला कारलं आवडतच नाही’ असा शिक्का मारतो. शाळेत मात्र शेजारी बसलेला मित्र खातो, पलीकडची मैत्रीण दुसऱ्यांदा मागते, आणि तेच वरण आठवड्यामागून आठवडा समोर येत राहतं. चव लागण्याला याहून चांगली जागा घरातही नसते.

शाळेच्या पंगतीला आणखी एक अर्थ आहे, तो नाशिकमध्ये सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 2 मार्च 1930 रोजी याच गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवाच्या दारात माणसं अडवली जात होती आणि घराघरांत पाण्याचा घडा वेगळा होता. आज त्याच गावातल्या शाळेत एका रांगेत बसून, एका पातेल्यातलं, कुणाच्याही हातचं अन्न सगळी मुलं खातात. मुलीही मुलांच्याच वेळी, मुलांइतकंच खातात. पुष्कळ घरांत हे अजून होत नाही. आहार संतुलित होण्यात हेही मोडतं. शेवटी जेवणाऱ्या मुलीच्या ताटात डाळीचं पाणीच उरतं.

अंड्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय घेतला. अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं किंवा स्थानिक फळ. उत्तम निर्णय होता. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा आणि गोड पदार्थांच्या साखरेसाठीचा सरकारी निधी थांबवला गेला आणि शाळांनी लोकसहभागातून व्यवस्था करावी असं सांगण्यात आलं. लोकसहभाग ज्या गावात आहे तिथल्या मुलांना अंडं मिळेल. ज्या गावातले लोक स्वतःच बागेच्या कामाला गेलेले आहेत, तिथल्या मुलांना मिळणार नाही. म्हणजे गरज जिथे जास्त, तिथेच ताट रिकामं. अंड्याइतकं उत्तम आणि स्वस्त प्रथिन दुसरं सापडणं कठीण आहे. हा निर्णय फिरवला गेला पाहिजे.

आणि मावशी. शासनाच्या कागदावर त्या ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ आहेत, मानधन महिन्याला अडीच हजार रुपये. सकाळी पाणी भरण्यापासून दुपारी भांडी घासेपर्यंत त्या शाळेत असतात. कोणतं मूल आज जेवलं नाही, कोण दोनदा मागतं, कोण घरी धाकट्यासाठी डब्यात थोडं नेतं, हे शाळेत सगळ्यात आधी त्यांना कळतं. जेवणाच्या कामाला शिक्षणात जागा कशी देता येते ते जपानमध्ये दिसतं. तिथे शाळेतल्या जेवणाची सुरुवात 1889 मध्ये त्सुरुओका गावातल्या एका मंदिराच्या शाळेत गरीब मुलांसाठी झाली. पुढे 2005 मध्ये त्यांनी आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, शाळांत पोषण-शिक्षक हे पद आणलं. तिथे मुलंच पांढरे अंगरखे घालून एकमेकांना वाढतात आणि आजची भाजी कुठल्या शेतातून आली ते जेवताना सांगितलं जातं. तेवढा पैसा आपल्याकडे नाही हे मला कळतं. पण आठवड्यातून एकदा मावशींनी वर्गात येऊन ‘उद्याच्या उसळीसाठी मटकी आज का भिजवली’ हे सांगायला पैसा लागत नाही. त्यांना वर्गात खुर्ची द्यावी लागते. मानधन वाढवायला पैसा लागतो, तो शासनाने द्यावा.

शिजवलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचं, शक्य तर पालकानेही, आणि चव नोंदवहीत लिहायची असा नियम आहे. ही नोंदवही बहुतेक शाळांत असते. मी जिथे जाते तिथे ती मागून घेते. ‘चव चांगली’, ‘चव चांगली’, ‘चव चांगली’, पानंच्या पानं अशी भरलेली असतात. माझी सूचना अशी आहे, आणि या सभेत जिल्हा परिषदेचं, महापालिकेचं कुणी असेल तर त्यांनी ती लिहून घ्यावी. या नोंदवहीत मुलांसाठी एक रकाना वाढवा. रोज तिसरी-चौथीतली दोन मुलं, पाळीपाळीने, आधी चाखतील आणि आपल्या शब्दांत लिहितील : आज काय होतं, त्यात कोणती डाळ, कोणती भाजी, मीठ कसं होतं, आणखी काय असतं तर बरं झालं असतं. अक्षरं वेडीवाकडी येतील, काही नोंदी तिखट असतील. महिन्याच्या शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो रकाना मोठ्याने वाचला जावा, मावशी आणि पालक समोर बसलेले असताना. येत्या जूनमध्ये जिल्ह्यातल्या दहा शाळांनी ही सुरुवात करावी, त्यातल्या पाच तरी पेठ-सुरगाण्यातल्या असाव्यात. त्या शाळांच्या शिक्षकांबरोबर बसून रकाना कसा भरून घ्यायचा ते ठरवायला मी येईन, आणि पहिल्या महिन्याच्या वाचनालाही हजर राहीन.